तीन कड्या

बसा. पात्याला तेवढं बोट लावू नका.
माणसाच्या बोटात मीठ असतं,
आणि पोलाद कुणाच्याच मिठाला जागत नाही.

हा शेफिल्डचा. आम्लाने कोरलेला गुण्या आणि कंपास,
मुलामा उडालाय, पण खिडकीकडे तिरपा धरा,
हां, आत्ता दिसला.
हे सांबरशिंग, शिंगांमध्ये घड्याळ, कायमचे अकरा वाजलेले.
ही लाकूडतोड्यांच्या संघाची कुऱ्हाड. त्या संघात
लाकूड तोडलेला एकही माणूस मला सापडला नाही,
विमा एजंट मात्र पुष्कळ.

मुठी बघा. हस्तिदंत म्हणून जन्मभर मिरवलं,
आहे सेल्युलॉइड.
कुजायला लागलं की त्यातून वाफ सुटते,
आधी स्वतःचं पातं खाते, मग शेजाऱ्याचं.
सगळ्यांवर बंधुत्वाच्या खुणा,
आणि निजवावे लागतात वेगवेगळ्या डब्यांत.
माझी बायको या गोष्टीवर फार हसायची.

आता हा.

फ्रीमाँटमधला लॉज बंद झाला त्या लिलावात मिळाला,
हार्डवेअरच्या दुकानावरचा मजला, सव्वीस वर्षं झाली.
खुर्च्या गेल्या, झगे गेले,
कपाटातून दीक्षाविधीचा हाडांचा सापळा निघाला
तेव्हा शेरीफला बोलवावं लागलं.
मी बुटांचं एक खोकं घेतलं, अकरा डॉलरला.
तळाशी हा होता.
मूठ हाडाची, म्हणून वाचली.
तीन कड्या एकमेकींत अडकलेल्या:
मैत्री, प्रेम, सत्य.
आणि पाठीवर खाचा. मोजा.
एकेचाळीस. आणि एक अर्धी.

मला वाटलं, कुणीतरी दिवस मोजले असतील.
ऑटिली हफर्ड तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची,
वृद्धाश्रमात, कानाने अधू, डोळ्यांनी लख्ख.
वस्तरा हातात घेतला आणि
अंगठा थेट त्या अर्ध्या खाचेवर.

बाप न्हावी. लेम्युएल.
लोक केसाने गळा कापतात, ती म्हणाली,
आणि त्याच्या खुर्चीत उघड्या पात्याखाली मान देऊन
तेच लोक डुलक्या घ्यायचे.
लॉजमधला कुणी गेला की
शेवटची दाढी हा करायचा, फुकट.
कोमट पाणी, साबणाचा फेस, सगळं जिवंत माणसासारखं,
गालावर गाल दाबून धरायचा नाही, एवढाच काय तो फरक.
मग घरी येऊन एक खाच.

या खाचा बघा, दाटीवाटीच्या, उथळ, घाईतल्या.
अठराच्या ऑक्टोबरात सोळा.
साथ होती. शाळा बंद, चर्च बंद,
शवपेट्या करणारा सुतारही गेलेला.
सतराव्या दिवशी लेम्युएल.

निरोप धाडला होता लॉजला.
कुणी आलं नाही.
दाराशी एक हॅम ठेवून गेले, चिठ्ठीवर तीन कड्या.
ऑटिली म्हणाली, हॅम चांगलं होतं,
आम्ही खाल्लं.

आई चूल सोडून उठेना.
तेरा वर्षांच्या पोरीने पाणी तापवलं,
पट्ट्यावर पातं परजलं, त्याने शिकवलं होतं
तसं, मनगटातून.
हनुवटीखाली एक जागा राहूनच गेली,
नाण्याएवढी.
एक्क्याऐंशी वर्षांनी ती मला
माझ्याच हनुवटीवर बोट ठेवून दाखवत होती, इथे.
मग खाच पाडायला घेतली आणि चाकू सटकला.

लॉजच्या वहीत बायकांची नावं नसतात.
मी बघितलं.

बाकी सगळ्यांना चिठ्ठ्या आहेत, किंमत बोलून घेऊ.
कुऱ्हाडीवाला घ्या, स्वस्तात देतो.

मी? मी विजेच्या मशीनने करतो.
हात थरथरतो आता, आणि खरं सांगू,
घरात दुसरं कुणी नाही.

उठताना ते झाकण दाबून लावू नका.
एक बोट फट राहू द्या.
तो एकटाच असला डब्यात तरी.